परटाची खूण

मी एक जुना पांढरा सदरा आहे. माझ्या कॉलरीच्या आत एक हिरवं ठिगळ आहे. मित्रांनो, त्याला हसू नका. त्या जागी पूर्वी जे होतं, त्याने एका नव्या नवरीला घराबाहेर काढलं.

माझा जन्म चौऱ्याहत्तर सालचा. संतराम वसमतला कापडाच्या दुकानात कामाला होता. आपल्या लग्नासाठी त्याने स्वतः माझं कापड निवडलं. मांडवात जो तो मला हात लावून पाही आणि मी फुगून जाई. लग्नात हळदीचे डाग पडले, म्हणून मला परटाकडे टाकलं. कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्याने कॉलरीच्या आत बिब्ब्याच्या रसाने दोन काळे ठिपके दिले. मला वाटलं, आता मलाही नाव मिळालं.

त्यानंतर संतराम दुकानात मलाच घालू लागला. थोड्याच दिवसांत त्याच्या मानेला खाज सुटली, कातडी लाल झाली, पाण्याने भरलेले फोड आले. त्याची आई मंजुळाबाई हिने घरचाच उपाय केला. बिब्बा तापवून चटका दिला. मान सुजून टम्म झाली. गावात महारोगाची कुजबुज सुरू झाली.

"लगीन व्हईस्तोवर लेकरू चांगलं व्हतं," मंजुळाबाई म्हणाली. "हिचा पायगुणच खोटा." तिने सून आशा हिला डोंगरकडा गावी माहेरी धाडून दिलं. संतराम खाली मान घालून उभा राहिला. मला त्याची फार दया आली. मी त्याच्या मानेला आणखीच बिलगलो.

शेवटी मायलेक सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, "लग्नानंतर घरात नवीन काय आलं?"

"नवी सूनच आली की," मंजुळाबाई म्हणाली.

डॉक्टरांनी माझी कॉलर उलटली. ठिपके नेमके फोडांवर येत होते.

"हे कशाचं?"

"परटाची खूण हाय. बिब्ब्याची."

"आणि वरून तुम्ही काय लावलंत?"

"बिब्बाच," ती म्हणाली, आणि तिचा हात तोंडावर गेला.

मी सुन्न झालो. जिला मी माझं नाव समजत होतो, तीच खूण त्याला जाळत होती. डॉक्टर म्हणाले, "हा महारोग नाही, कुणाला लागतही नाही. याच्या कातडीला बिब्बा सोसत नाही. ती खूण कापून टाका. खाजवू नका, गार पाण्याच्या घड्या ठेवा, हे मलम लावा." काही दिवसांत मान बरी झाली.

मंजुळाबाई स्वतः जाऊन सुनेला घेऊन आली आणि तिने मला सुनेपुढे टाकलं. "ह्योच त्यो. घाल चुलीत."

आता मेलोच, असं मला वाटलं. पण आशाने बोटांना फडकं गुंडाळलं आणि कात्रीने तेवढी खूण कापून काढली.

"ह्याची काय चूक?" ती म्हणाली. "खूण लावताना ह्याला कुनी इचारलं व्हतं का? मला तरी कुनी इचारलं?"

मंजुळाबाईने आपल्या हिरव्या लुगड्याच्या पदराचा तुकडा फाडला आणि माझ्या भोकावर ठेवला.

मित्रांनो, अंगावर काही उठलं तर तिथे रोज काय लागतं ते आधी पाहा. माणूस घराबाहेर काढण्याआधी कॉलर उलटून बघा.