शांततेत न झोपणारी पोरं

कबनूरच्या सरकारी पाळणाघराचा आज पहिला दिवस होता. "कुणाचंबी पोर असू दे, फुकटच सांभाळायचं," हे वर्षाराणीनं ग्रामसभेत भांडून मान्य करून घेतलं होतं. यंत्रमागांच्या शेडात सुताच्या कांड्या भरणारी वर्षाराणी लेकीला घेऊन सगळ्यांच्या आधी हजर! मागोमाग त्याच शेडाच्या मालकांची सून ऐश्वर्या बाळाला घेऊन आली.

"तुमाला काय कमी हाय?" वर्षाराणी फटकन बोलली.

"सगळ्यांसाठी म्हणजे माझ्यासाठीबी की!"

वर्षाराणीनं धुसफुसतच तिला आत वाट दिली.

पोरांना शांतता हवी म्हणून पाळणाघर मुद्दाम गावाबाहेर बांधलं होतं. पहिला दिवस म्हणून दोघीही थांबल्या होत्या. दुपारी पोरांना निजवायला घेतलं, तर वीसच्या वीस पोरांनी एकच कालवा केला. वर्षाराणीनं कपाळावर हात मारला. मागांच्या खडखडाटात वाढलेली पोरं ही, शांततेत कशी झोपतील? तिनं शेडातल्या नवऱ्याला फोन लावला.

"अवो, फोन मागाजवळ धरा!"

स्पीकरवर खटखट सुरू झाली आणि सगळ्यात आधी डोळा लागला तो ऐश्वर्याच्या बाळाचा. मालकांचं घर शेडाच्या वरच होतं की!

वर्षाराणीनं ऐश्वर्याला दटावलं, "उद्या न्हाय आनलासा ह्याला, तर घरात येऊन भांडीन!"