संध्याकाळी सहाचा प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चिमटा आहे, कपडे वाळत घालायचा. इतकी वर्षं मी एक अक्षर बोललो नाही, याला कारण माझा विनय नव्हे. माझ्या तोंडात सतत काहीतरी असे, आणि तोंडात काही असताना बोलू नये एवढं वळण मला होतं. आता स्प्रिंग ढिली झाली आहे, तोंड मिटत नाही. या वयात बऱ्याच जणांचं असंच होतं, आणि मग ते आठवणी सांगतात.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. आम्ही बारा भावंडं एकाच पुठ्ठ्यावर वाढलो आणि एकाच दिवशी विकले गेलो. पहिली तीन वर्षं मी गच्चीतल्या दोरीवर काढली. मोजे धरले, टॉवेल धरले, नर्सचे पांढरे गणवेश धरले. मग एके दिवशी मला थेट स्वयंपाकघरात बढती मिळाली. ती माझ्या गुणांमुळे मिळाली असं मी इतर चिमट्यांना सांगत असे. खरं म्हणजे त्या दिवशी दोरीच्या टोकाला मीच हाताशी होतो. बढत्या पुष्कळदा अशाच होतात.

ते घर पाच माणसांचं. आई हॉस्पिटलात नर्स. बाबा चष्म्याच्या दुकानात. दिवसभर लोकांना नजर देऊन घरी येत, पण फ्रीजमध्ये डोळ्यांसमोर असलेलं लोणी त्यांना कधी दिसलं नाही. थोरली आठवीत, धाकटा चौथीत. आणि नाना, म्हणजे मुलांचे आजोबा. त्यांनी सारी नोकरी बस डेपोत वेळापत्रकं आखण्यात घालवली होती.

या घरात रोज संध्याकाळी सहा वाजता एक प्रश्न विचारला जाई: ‘आज काय करायचं?’ विचारणारे चौघं, उत्तर देणारी एकटी. आई दारात चपला काढत असतानाच प्रश्न तिच्या अंगावर येई. वरच्या जागेसाठी एक परीक्षा होती. ती तिने एकदा अर्ध्यातच सोडून दिली होती. अभ्यासाला बसली की कुणीतरी दारात डोकावे, आणि ती ‘पाचच मिनिटं’ म्हणत पुस्तक मिटून उठे. ती पाच मिनिटं भांडी घासून झाल्यावर संपत.

दुसऱ्या वर्षी तिने पुन्हा अर्ज भरला. टॉवेलची घडी घालता घालता म्हणाली, “नाना, या खेपेला नाही जमलं तर मी परत नाही बसणार.”

दुसऱ्या दिवशी नानांनी स्वयंपाकघरात एक खिळा ठोकला, त्यावर मला टांगलं आणि माझ्या तोंडात एक कागद दिला.

मित्रांनो, तसा कागद मी पुन्हा पाहिला नाही. निळ्या शाईत, पट्टीने आखलेला. वार, पदार्थ, सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ आणि शेवटी शेरा. ‘सोमवार. भात, वाटाणे. सुटणार साडेसहा, पोहोचणार सव्वासात. वाटाणे सकाळी भिजवणे. जबाबदार: धाकटा.’ सूप दुप्पट करायचं, म्हणजे त्याचा दुसरा फेरा गुरुवारी. शुक्रवारी उरलंसुरलं, त्याला नाना ‘मिश्र गाडी’ म्हणत. अंडी ही राखीव गाडी. कुठली गाडी बंद पडली तरच काढायची. रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून कांदे चिरून डब्यात भरायचे आणि रडून घ्यायचं, म्हणजे आठवडाभर कुणी रडत नाही.

“घरात जेवतो आपण की स्टँडवर?” बाबांनी विचारलं.

“स्टँडवर माणूस वेळेत तरी जेवतो,” नाना म्हणाले.

आणि खरोखरच आठ महिने सगळं वेळेत चाललं, आई अभ्यासाला आणि बाकीचे चौघं शेगडीला. शेजारच्या काकू मुद्दाम बघायला आल्या. कागदाचं त्यांनी फार कौतुक केलं. तो कुणी धरला आहे हे कुणी विचारत नाही, त्याची मी सवय करून घेतली.

आता माझा अपराध सांगतो. परीक्षा बुधवारी होती. मुलांच्या आत्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून नाना आठ दिवसांचा कागद लिहून तिच्याकडे गेले होते. मंगळवारी दुपारी खिडकीतून वारा आला. वाफेने माझी पकड आधीच सैल झाली होती. कागद सुटला आणि सरळ भांड्यांच्या टबात, साबणाच्या पाण्यात पडला. सहा वाजता थोरलीने तो बाहेर काढला, तेव्हा शाई सगळी वाहून गेली होती. ‘जबाबदार’ हा शब्द तेवढा शाबूत होता, पुढचं नाव गेलं होतं. कचेऱ्यांतही असंच होतं, असं मी ऐकतो.

आई आतल्या खोलीत, पुस्तकासमोर. बाहेर तिघं माझ्याकडे बघत उभे.

“तिलाच विचारू का?” बाबा हळूच म्हणाले. “एकच शब्द तर सांगायचाय.”

“खबरदार, बाबा!” थोरली कुजबुजली. कुजबुजूनही दम देता येतो हे मला तेव्हा कळलं. “विचारलं की ती उठणार. मागच्या वर्षी असंच झालं.”

“मग आठवा. मंगळवारी काय होतं?”

“तळलेले बटाटे,” धाकटा ताबडतोब म्हणाला.

“तुला रोजच तळलेले बटाटे आठवतात.”

“मला मासे आठवतायत,” बाबा म्हणाले.

“मासे आहेत का घरात?”

बाबांनी फ्रीज उघडला. “दिसत तरी नाहीत.”

थोरलीने स्वतः पाहिलं. खरंच नव्हते. शेवटी नानांना फोन लावला. धाकट्याने सगळी हकिगत सांगितली, माझ्यावर ठपकाही ठेवला. तो रास्तच होता.

“कागद भिजला ना? गाड्या नाही ना भिजल्या?” नाना म्हणाले. “डेपोत काय उभं आहे ते बोल.”

“चार अंडी, कालचा भात, एक गाजर, अर्धा कोबी. आणि एका डब्यात काहीतरी आहे, पण ते काय आहे ते कळत नाही.”

“ते सोडून बाकी सगळं एका कढईत घाला. आणि आवरा, सुटायची वेळ झाली.” फोन बंद.

मग तिघांनी आवाज न करता स्वयंपाक केला. बाबांनी गाजराची प्रत्येक चकती चष्म्याच्या काचेसारखी तपासून कापली. थोरलीने कोबी चिरला. धाकट्याने अंडी फोडली आणि टरफलं वेचली, बरीचशी. एवढ्यात त्याच्या कोपराने झाकण खाली पडलं. ते गोल गोल फिरत राहिलं, थांबेचना.

“काय पडलं गं?” आतून आवाज आला. खुर्चीही सरकली.

“काही नाही आई, मांजर!”

“आपल्याकडे मांजर कुठंय?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“गेलं!” धाकटा ओरडला.

मी श्वास रोखून धरला. चिमट्याला श्वास नसतो, तरी धरला. मग पान उलटल्याचा आवाज आला.

ताट तिच्या टेबलावर नेऊन ठेवलं. नजर पुस्तकात ठेवूनच तिने खायला घेतलं. तिसऱ्या घासाला म्हणाली, “हे नानांच्या कागदावर होतं?”

“हो,” तिघं एकदम म्हणाले.

“नानांनी कोबीत अंडं कधी घातलं नव्हतं.”

ताट संपवून तिने ते पुढे केलं. “अजून आहे का?”

त्या जेवणात मीठ नव्हतं. ती बोलली नाही, आणि उठलीही नाही.

ती परीक्षा पास झाली. पुढे कित्येक वर्षं मी कागद धरले. अक्षर नानांचं होतं, मग ते थोरलीचं झालं, मग बाबांचंही. नाना गेले. मुलं आपापल्या गावी नोकऱ्यांना लागली. दोघांच्या जेवणाला कागद कशाला, असं म्हणत कधीतरी खिळा रिकामा झाला. आता मी एका ड्रॉवरमध्ये आहे. शेजारी संपलेले सेल, रबरबँड आणि कशाच्याच नसलेल्या किल्ल्या. संगत वाईट नाही, पण कुणाला काही काम नाही.

इथे मला पुष्कळदा परीक्षेनंतरची पहिली संध्याकाळ आठवते. आई सहा वाजता घरी आली आणि जुन्या सवयीने सरळ शेगडीपाशी गेली. तिथे बाबा उभे होते. कढई आता कुठल्या फळीवर असते, तेही तिला ठाऊक नव्हतं. “तू बस,” थोरली म्हणाली. आई खुर्चीवर बसली. उठली, पुन्हा बसली. रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना. शेवटी तिने ते मांडीवर ठेवले आणि कढईतून निघणारी वाफ पाहत राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरी संध्याकाळी सगळ्यांत दमून कोण येतं, ते एकदा पाहून ठेवा. त्या माणसाला ‘आज काय करायचं?’ असं विचारू नका. वाटाणे सकाळीच भिजवा, कागद लिहा, तो चांगल्या स्प्रिंगच्या चिमट्यात अडकवा. कागद कधी पडलाच, तर चिमट्याला दोष द्या आणि जे घरात आहे ते शिजवा. मीठ तेवढं घाला.