झरोक्यातला कोट

मित्रांनो, मी एक जुना लाकडी झरोका आहे. फिनलंडमधल्या एका घराच्या पोटमाळ्यावर, छपराखालच्या त्रिकोणी भिंतीत राहतो. मला बोलायची सवय नाही, गोष्ट कुठून सुरू करावी तेही नीट कळत नाही. रित्वाच्या पत्रापासून करतो. ते ऑक्टोबरात आले, आणि मार्च उजाडला तरी या घरात एकटे राहणाऱ्या एन्सिओ मास्तरांनी त्याला उत्तर लिहिले नव्हते.

रित्वा ही मास्तरांची मुलगी, पिल्वी ही नात. "बाबा, मला गावातल्या शाळेत नोकरी मिळतेय. मी आणि पिल्वी वरच्या खोलीत राहू का? पिल्वीला दमा आहे, तेव्हा ओल नको. एप्रिलच्या आत कळवा." मास्तरांनी हे मोठ्याने वाचले म्हणून मला ऐकू आले. ते कोणाला वाचून दाखवले, हे सांगायला मी जरा कचरतो.

मला मास्तरांच्या वडिलांनी घडवले. पाइनच्या आठ तिरप्या पट्ट्या, बाकी काही नाही. चुलीवरची वाफ, सौनाची, म्हणजे गरम न्हाणीघराची वाफ, माणसांचे श्वास, सगळे छतावर उबेसाठी पसरलेल्या लाकडी भुशातून झिरपत माळ्यावर येई आणि मी ते बाहेर सोडी. धुराडे साफ करणारा एकदा म्हणाला, "हा आहे म्हणून छप्पर टिकलंय." ते एक वाक्य मी बरीच वर्षे पुरवून वापरले.

आमच्याकडे हिवाळ्याआधी घराच्या पायात हवेसाठी ठेवलेली भोके चिंध्यांनी बुजवतात आणि वसंतात उघडतात. नऊ वर्षांपूर्वी मास्तरांची बायको हेल्वी वरच्या खोलीत आजारी होती. तिला सारखी हुडहुडी भरे. पाया बुजवून मास्तर माळ्यावर चढले आणि तिचाच जाड कोट त्यांनी माझ्यात कोंबला. एप्रिलात हेल्वी गेली. मास्तरांनी पायातली भोके उघडली. माझ्याकडे ते आलेच नाहीत.

तेव्हापासून घराचा श्वास माझ्यापर्यंत येई आणि कोटावर आपटून परत फिरे. कोटात कोणी नव्हते, तरी बाह्या हळूच फुगत आणि बसत. हिवाळाभर छपराच्या खिळ्यांवर बर्फ दाटे. मार्चच्या दुपारी पत्रा तापला की माळ्यावर, बंद छपराखाली, पाऊस पडे. खाली, हेल्वीच्या त्या खोलीच्या छतावर एक डाग उमटला. दरवर्षी तो वाढला. त्याला खांदे आले, मग वाकलेली मान आली. मास्तर त्याच्याखाली खुर्ची टाकून बसत आणि पुस्तके वाचून दाखवत. वाचन थांबले की थेंब पडे. टप्. मास्तर म्हणत, "बरं, पुढचं पान." मलाही कधीकधी वाटे, कोणीतरी ऐकते आहे.

मार्चात मार्केत्ता आली. ती घरांचे माळे तपासते. मास्तरांचीच विद्यार्थिनी.

"रित्वानं पाठवलंय. म्हणाली, बाबा बोलत नाहीत, निदान छप्पर तरी बोलेल."

ती विजेरी घेऊन वर आली, भुशात हात घातला आणि काळा चिखल मुठीत धरून खाली ओरडली, "मास्तर! वर्गात खिडक्या उघडा म्हणून आमच्या मागे लागायचात, आणि स्वतःच्या घराचं नाक दाबून बसलात होय!"

"काय करावं लागेल?"

"झरोका मोकळा. कुजलेला भुसा काढून नवा. महिन्याभरात छत ठणठणीत."

"तो डाग... तोही वाळेल?"

"वाळेल की."

"पूर्ण?"

"पूर्ण. बाकीचे लोक हे हसत विचारतात हो, मास्तर."

मास्तरांनी शिडीला हात घातला. मग म्हणाले, "तू थांब. मी काढतो."

ते वर चढले. त्यांनी कोट ओढला. तो गोठून लाकडासारखा झाला होता. सुटला तो बाह्या पसरून त्यांच्यासमोर उभाच राहिला. नऊ वर्षांनी माझ्यातून वारा गेला आणि सबंध माळ्याने एक दीर्घ उसासा टाकला.

मास्तरांनी कोटाला जवळ घेतले, खाली नेले आणि चुलीपाशी तसेच धरून ठेवले. मार्केत्ताने नंतर सांगितले, तो हळूहळू मऊ पडला, त्याचे हात खाली आले आणि तो त्यांच्या खांद्यावर कलंडला. मास्तर इतकेच म्हणाले, "आता नाही ना थंडी वाजत?"

मित्रांनो, मी शहाणा नाही. पण वर्षातून एकदा माळ्यावर चढत जा. प्रेमाने बुजवलेली भोकेही आठवणीने उघडा.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मार्केत्ताकडे नवा भुसा मागवला आणि टेबलापाशी लिहीत बसले. या वेळी मोठ्याने काही वाचले नाही. मग ते बर्फातून रस्त्यापर्यंत गेले. मोकळा झाल्यामुळे मला आता रस्ता दिसत होता. पिवळ्या टपालपेटीपाशी ते थांबले, वरच्या खोलीकडे वळून पाहिले आणि त्यांनी पाकीट आत सोडले.