लिंडनच्या गल्लीतली पाहुणी

"स्तेफाबाई, फाटक उघडू नका! एकदा आत शिरली की ठाण मांडेल," शेजारचे लुद्विक कुंपणावरून कुजबुजले.

हे स्तेफाबाईला सांगायला नको होतं. तिची हयात ट्रामवर तिकिटं फाडण्यात गेली होती; फुकट्या माणूस ती पाठमोरा ओळखायची. लिंडनच्या झाडाखाली उभी असलेली जर्मन म्हातारी घराकडे टक लावून बघत होती. आधी छप्पर, मग खिडक्या, मग दार. नजरेनं मोजमाप घेतेय मेली!

युद्ध संपलं, जर्मन गेले आणि पूर्वेकडून हुसकावलेली पोलिश माणसं आता पोलंडच्या झालेल्या श्चेचिन शहरात, या पोगोद्नो वस्तीतल्या बंगल्यांत येऊन राहिली. त्याला पाव शतक उलटलं, पण स्तेफाबाईच्या घराचं एक कौल बदललं नव्हतं. "उद्या जर्मन परत येणार, त्यांच्यासाठी कशाला खर्च करायचा?" असं म्हणता म्हणता नवरा मरूनही गेला. गळक्या छपराखाली बादल्या मांडून तिनं दोन मुली वाढवल्या. आणि आता ही आली.

म्हातारी जर्मनमध्ये काहीतरी बोलली. "काय म्हणतेय हो?" स्तेफाबाईनं विचारलं.

लुद्विक युद्धात जर्मनांच्या शेतावर वेठीला राबले होते, त्यांना भाषा येत होती. "म्हणे, माझा जन्म इथला."

"मग? माझा तिकडे पूर्वेला, तार्नोपोलजवळचा. मी जाते का तिथं कुणाच्या दारात? कागद आणलेत का, विचारा."

म्हातारीनं घाईघाईनं हात हलवले. घर नको, काही नको. ती आईची कबर शोधत होती. गल्लीच्या टोकाला जर्मनांची दफनभूमी होती, तिथं आता पोरं झोके घेत होती.

"सोंगं सगळी! आज कबर, उद्या घर," स्तेफाबाई फणकारली. पण दारी आलेल्याला चहाविना घालवायचं तिच्या आईनं शिकवलं नव्हतं. "या म्हणावं. चहा प्या आणि चालत्या व्हा."

लुद्विकच्या मागोमाग म्हातारी दारापर्यंत आली आणि दगडी पायरीवर बूट घासून घासून पुसू लागली.

स्तेफाबाईची नजर पायरीवर गेली. दफनभूमी सपाट केली तेव्हा सगळ्या गल्लीनं तिथले थडग्यांवरचे दगड उचलून आणले होते. तिच्या नवऱ्यानंही एक आणला आणि अक्षरं खाली करून दाराशी पायरी म्हणून बसवला. ती अक्षरं कुणाची, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

लुद्विक सहज म्हणाले, "आईचं नाव तरी काय, विचारू का?"

"नको! नाव नका विचारू, भाऊ!"

ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की दोघंही दचकली. तिनं म्हातारीचा दंड धरला आणि तिला ओढूनच आत घेतलं.

चहा झाला. तिकडे तार्नोपोलला आपल्या बापाच्या डोक्याशी दगड उरला असेल का, की तोही कुणाच्या दारात गेला असेल, या विचारात स्तेफाबाई रिकाम्या कपात चमचा फिरवत राहिली. म्हातारी उठली आणि पुढच्या दाराकडे, त्या पायरीकडे निघाली.

"तिकडून नाही. इकडून," स्तेफाबाईनं स्वयंपाकघराचं दार उघडलं.

म्हातारीचा चेहरा उतरला. निमूटपणे ती कचऱ्याच्या डब्याजवळून बाहेर पडली.

"अहो, पाहुणीला मागच्या दारानं काढलंत?" लुद्विक म्हणाले. "एवढाही राग बरा नव्हे."

 स्तेफाबाई कपबश्या विसळू लागली.