लग्न न लागलेल्या बापाची पोरगी

“मॅडम, बापाचं लग्नच लागलेलं नसेल, तर पोरगी त्याच्याकडे राहू शकते का?”

विचारलं एकदाचं! शाळेत कायद्याचं शिबिर होतं, नंदुरबारहून वकील मॅडम आल्या होत्या. माझी मैत्रीण शबाना सकाळपासून विचारून दाखव म्हणून मला अहिराणीत टोचत होती, “हिंमत शे का? मंग विचारी दखाड!” मागच्या बाकांवरची पोरं फिदीफिदी हसली. हसू देत. मागच्या वर्षी मी हजेरी द्यायलासुद्धा पुटपुटायचे, आता चक्क माईक धरून उभी होते.

कारण प्रश्न माझाच होता. माझे आईबाप सातपुड्यातले. आमच्याकडे आधी संसार मांडतात, लग्न सवडीने लागतं. कित्येकांच्या लग्नात त्यांचीच पोरं नाचतात! माझ्या नशिबी तो नाच आला नाही. मी सहा वर्षांची असताना दोघांचं बिनसलं. मायने अक्कलकुव्याला दुसरं घर केलं आणि मी बापाबरोबर, म्हणजे आबांबरोबर, कोरीटला राहिले. आबा केळीच्या बागेत कामाला जातात. माझ्या वेण्या त्यांनीच घातल्या, तापात उशाशी तेच बसले. आणि आता नववी संपत आली, तर मायचा निरोप, रविवारी पोरीला न्यायला येते. आबा लगेच हो म्हणाले!

मॅडम हसल्या नाहीत. “लग्न झालेलं नसेल, तर कायदा पालक म्हणून आधी आईला धरतो,” त्या म्हणाल्या. “पण म्हणून बाप परका होत नाही. तो कोर्टात ताबा मागू शकतो. कोर्ट मुलीचं भलं बघतं. आणि मुलगी तुझ्याएवढी असेल, तर तिलाही विचारतं.”

तिलाही विचारतं! घरी येईपर्यंत मी तेच घोकत होते.

रविवारी माय आली. आबांनी माझे कपडे पिशवीत भरून दाराशी ठेवले होते.

“आबा, हे काय?”

“तिचा हक्क आहे बेटा. आमचं लग्न कुठे लागलं होतं? मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?”

“नऊ वर्षं ‘ऊठ, शाळेला उशीर होतोय’ म्हणून ओरडता ना, त्याच तोंडाने!”

“जीभ बघा हिची!” माय चिडली. “वयात आलेली पोर, घरात बाईमाणूस नाही. काही झालं तर बघणार कोण?”

“मला पहिल्यांदा पाळी आली, तेव्हा आबा भर उन्हात अनवाणी पळाले, शबानाच्या अम्मीला बोलवायला.”

मायने आबांकडे पाहिलं. आबा जमिनीकडे पाहत होते.

“मला का नाही कळवलं?” मायचा आवाज एकदम उतरला.

ती तिच्या जागी चुकीची नव्हती. मी तिच्याजवळ बसले आणि मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

“कायद्यात तू आधी आहेस, माय. पण आबाही अर्ज करू शकतात.”

“अर्ज? मी?” आबा दचकले.

“तुम्हीच! आणि कोर्टाने मला विचारलं, तर मी तिथेही हेच सांगेन.”

“काय सांगशील?” मायने विचारलं.

मी उभी राहिले.

“मी आबांकडेच राहणार, दहावी इथूनच देणार. सुट्टीत मायकडे येणार. आणि काही झालं, तर आधी फोन मायला. ठरलंय माझं.”