म्हशीचं इंजेक्शन

माझ्या नातीचं, राजनंदिनीचं, लग्न साताऱ्यात झालं ते २०२३ साल. तिचा भाऊ वीरधवल तेव्हा वीस वर्षांचा. साताऱ्यात राहून फौजेच्या भरतीची तयारी करायचा. लग्नानंतर तो आमच्याबरोबर गावी आला, सांगलीकडं.

पोरगा उतावळा. डोक्यात आलं की केलं. वरातीत कुणीतरी डिवचलं म्हणून चालत्या ट्रॅक्टरवरून उडी मारली. आम्ही हसलो. त्याचा बाप, माझा मुलगा लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "फौजीचं रक्त हाय."

आठ दिवसांनी गोठ्यात गव्हाणीमागं मला दोन छोट्या रिकाम्या बाटल्या आणि सुई सापडली. काही लोक म्हशीला पान्हा सुटावा म्हणून इंजेक्शन टोचतात. त्याला बंदी आहे. डेअरीला कळलं असतं तर आमचं दूध बंद.

मी लालासाहेबाला धरलं. "फौजेत ह्येच शिकलास व्हय रं? मुक्या जित्राबाला सुया टोचायला?"

"आये, तुझी आण, मी न्हाई!"

"मग म्हशीनं आपली आपण टोचून घेतली?"

वीरधवल हसत पुढं आला. "आगं आज्जे, मीच टोचली. लय उशीर लावती ती पान्ह्याला. मला न्हाई दम निघत."

मी शिव्या दिल्या. तो कान धरून उठाबशा काढायला लागला, मग मलाही हसू आलं. बाटल्या मी उकिरड्यात पुरल्या. घरची अब्रू वाचली असं वाटलं.

दोन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी, तो सूरजबरोबर, साताऱ्यात त्याच्यासंगं तयारी करणाऱ्या गावातल्याच मित्राबरोबर, पळायला गेला. अर्ध्या तासात सूरज एकटाच आला. "आजी, वीर पडलाय. उठंना."

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हा काय घेत होता?"

सूरज रडायला लागला. "इंजेक्शन. त्यानं पळताना दम लागत न्हाई. साताऱ्यात मैदानावर एकानं दाखवलं, ह्यानं तितंच टोचून घेतलं. मग रोजच लागायला लागलं. गोठ्यात सापडल्यापासनं बाटल्या नदीत टाकायचा."

"बाटली आणा. औषध कोणतं ते कळलं पाहिजे."

लालासाहेब माझ्याकडं वळला.

"आये, कुठं हायत बाटल्या?"

"उकिरड्यात."

तो तसाच मोटारसायकलवर गावी गेला आणि हातानं शेण उपसून एक बाटली घेऊन आला. डॉक्टरांनी ती पुसली, उजेडात धरली. बाटलीवरचा कागद कुजून गेला होता. एक अक्षर लागलं नाही.

माझा नातू वीरधवल ६ जून २०२३ रोजी, मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता, सांगलीत वारला.