पोच

“रुचिका, तुजा भय्या परत अडला गं!” आनंदीबाईंनी ओट्यापासून हाक मारली.

भय्या म्हणजे कॉम्प्युटरमधला आवाज. मराठी बोलणारा फुकटचा आवाज रुचिकाला कुठे सापडला नव्हता, म्हणून तिने हिंदीचाच घेतला होता. तिचे बाबा बाळाराम ‘भाकर दे’ असं टाइप करायचे आणि तो उत्तरेतून यंत्रमागावर नव्याने आलेल्या कामगारासारखं मराठी बोलायचा. मग बाळारामांचे खांदे आवाज न करता हसायचे.

कोन गावचे बाळाराम तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. वज्रेश्वरीच्या गाडीत त्यांनी मागून हाक दिली की ड्रायव्हर घंटीची वाट बघत नसे. कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. ते पाटीवर लिहून दाखवायचे, पण आनंदीबाईंना वाचता येत नव्हतं. चाळीस वर्षांचा संसार एका दिवसात मुका झाला. म्हणून वडप्याच्या एका गोदामात सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या त्यांच्या लेकीने हा खटाटोप मांडला होता.

प्रोग्राम दोन होते. एकात बाबा टाइप करायचे, दुसरा बोलायचा. दोघांमध्ये निरोप नेणारे दोन पाइप: एकातून वाक्य जायचं, दुसऱ्यातून ‘बोललो’ अशी पोच परत यायची. पोच येईपर्यंत पहिला प्रोग्राम अडून बसे आणि बाबांना पुढचं अक्षर टाइप करता येत नसे. रुचिकाने ते अडून बसणंच काढून टाकलं. वाक्य पाइपात सोडायचं आणि मोकळं व्हायचं. पोच आली की प्रोग्राम ज्यावर बांधला होता त्या तयार फ्रेमवर्कने वर्दी द्यायची. घरच्या लिनक्सवर हे झकास चाललं, आणि घरात जुने तंटे पुन्हा सुरू झाले.

“कालवणात मीठ न्हाय,” भय्या म्हणाला.

“मंग उद्यापासना तुमीच करा!” आनंदीबाई कडाडल्या आणि आत जाऊन डोळे पुसून आल्या.

दोन महिन्यांनी बाळारामांना दवाखान्यात ठेवावं लागलं. रुचिकाने ऑफिसचा लॅपटॉप मागून आणला. त्यावर विंडोज होतं, पण फ्रेमवर्क दोन्हीकडे चालणारं होतं. तिने दहा मिनिटं तपासून पाहिलं. आवाज नीट येत होता. ड्युटीची वेळ झाली होती, ती गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाळाराम गेले.

“माज्यावर रागावून गेले,” आनंदीबाई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. “मशीन गप व्हती. माज्याकडं बघत व्हते, टकटक करत व्हते, आन मंग मूठ आपटली. माजं काय चुकलं, त्येवढं तरी सांगाचं!”

तेराव्यानंतर रुचिकाने लॅपटॉप परत द्यायला काढला. न्यायला ऑफिसची गाडी यायची होती. प्रोग्राम प्रत्येक वाक्य एका फाइलीत उतरवून ठेवायचा. पोच मिळाली की त्यापुढे खूण करायचा. तिने फाइल उघडली. दवाखान्यातल्या एकाही वाक्यापुढे खूण नव्हती.

विंडोजवर पोचेची वर्दी कधी मिळालीच नव्हती. पोचा कुणी उचलल्या नाहीत, त्या पाइपात साचत गेल्या. दहा मिनिटांत पाइप भरला नव्हता. तिसऱ्या दिवशी भरला. बोलणारा प्रोग्राम पाइपात जागा मोकळी होण्याची वाट बघत थांबला, आणि बाबा टाइप करत राहिले.

ती आईजवळ जाऊन बसली. “आई, बाबा तुझ्यावर नव्हते रागावले. ते बोलत होते. मशीन अडली होती. चूक माझी आहे.”

आनंदीबाई जवळ सरकल्या. “काय बोलत व्हते?”

रुचिकाने फाइलीतली शेवटची वाक्यं स्वतःच वाचून दाखवली.

“आनंदी, सकालपासना बसलीस. खाली जाऊन चार घास खा.”

“जेवलीस का?”

“बोल ना गं.”

“जेवले व्हते मी,” आनंदीबाई म्हणाल्या. “त्यांचा डोला लागला तवा डब्यातली भाकर खाल्ली. त्यांना सांगाचंच ऱ्हायलं.” मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. “आता मी बोलले तं ह्याला कलंल?”

रुचिकाने मान हलवली. नाही.

आनंदीबाईंनी लॅपटॉप ओढून मांडीवर घेतला आणि दोन्ही हात त्यावर ठेवले. बाहेर ऑफिसच्या गाडीचा हॉर्न वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. रुचिकाने लॅपटॉप मागितला नाही.